नव्या घराला घरघर

वास्तुशांत झाली, नवग्रह शांत झाले, भटजी दक्षिणा घेऊन गेले आणि तुमचं नवं घर खरोखरच शांत राहिलं, तर जळगावात लोक काय म्हणतील? म्हणतील, पैसे कमी पडले असतील. तेव्हा पहिल्या रात्रीपासून घर वाजतं राहील अशी तजवीज करा. मी केलेली आहे. अनुभव फुकट देतो, घ्या.

सर्वात आधी भिंतीवरचे साधे एसी रद्द करा. भिंतीवरचा एसी दिसतो आणि वाजला तर कोण वाजतंय ते कळतं. फॉल्स सीलिंगच्या पोटात दडलेला, डक्टमधून चार खोल्यांना हवा देणारा एसी घ्या. त्यातही ‘हॉट अँड कोल्ड’, म्हणजे हीट पंपच. तो उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर फेकतो आणि थंडीत बाहेरची आत ओढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या खाली उतरला तर लोक ‘आज जरा बरं आहे’ म्हणतात. गरम हवेची गरज डिसेंबर-जानेवारीतल्या थोड्या रात्री. पण विकणारा इतक्या प्रेमाने सांगत असतो की नाही म्हणवत नाही.

डक्टला उंची किती लागेल हे एसीवाल्याला विचारू नका, फॉल्स सीलिंगवाल्याला विचारा. तो म्हणेल, ‘साहेब, सीलिंग इतकं खाली आणलं तर झुंबराची मजा जाईल.’ बरोबर आहे. झुंबर दिसतं, डक्ट दिसत नाही. मग आडवा बीम आला की लवचिक डक्ट त्याच्याखालून चेपून न्या. शेताला पाणी देताना पाइप मुरडला तर आपण धावत जाऊन सरळ करतो, पण हा पाइप डोक्यावर आहे आणि आत पाणी नाही, नुसती हवा आहे. हवेला काय, ती कुठूनही जाते. जाताना थोडी बोलते, एवढंच.

आता रिटर्नची जाळी. खोल्यांत गेलेली हवा यंत्राकडे परत यायला वाट लागते, तिच्या तोंडाची ही जाळी. ढोबळ हिशोब असा की एका टनाला मिनिटाला 400 घनफूट हवा लागते. माझं यंत्र 5 टनांचं, म्हणजे 2000 घनफूट. जाळी मिळाली दोन चौरस फुटांची. म्हणजे हवा तिच्यातून मिनिटाला 1000 फूट वेगाने शिरते, ताशी 18 किलोमीटर. सायकलवर शाळेत जाणारं पोर याच वेगाने जातं, फक्त ते हॉलच्या छतातून रात्रभर जात नाही. जाळी मोठी का नाही केली? कारण तिथे पीओपीचा मोर आहे. पूर्ण पिसारा फुललेला. कारागिराने त्याला आठ दिवस दिले. मोराच्या पोटाला भोक पाडायचं का, तुम्हीच सांगा.

खरी गंमत झोनमध्ये आहे. झोन म्हणजे हवा वेगळी चालू-बंद करता येणारी एकेक खोली. दिवसा चारही झोन चालू असताना यंत्र गरीब गाईसारखं असतं. रात्री 11 वाजता तीन झोन बंद करा. तीन डॅम्पर, म्हणजे डक्टमधल्या हवा अडवणाऱ्या झडपा, मिटतात, पण यंत्रातल्या पंख्याला कोणी काही सांगितलेलं नसतं. तो चार खोल्यांची हवा एका खोलीत कोंबतो. डक्टमध्ये दाब वाढतो आणि ग्रिलच्या पात्यांतून शिट्टी वाजते. भुसावळ जंक्शन आमच्यापासून 25-एक किलोमीटर दूर आहे, पण रात्री दोनची गाडी आमच्या बेडरूममधून जाते. झोन मिटले की पंखा मंद करायची सोय असते, बंद खोलीचा डॅम्पर थोडा किलकिला ठेवता येतो, जास्तीचा दाब वळवायला बायपासही देता येतो. यातलं काहीही बसवताना विचारू नका. हां, टन मात्र गरजेपेक्षा जास्त घ्या. पाहुणे विचारतात.

आउटडोअर युनिट गच्चीवर, नेमकं तुमच्या पलंगाच्या डोक्यावर ठेवा. खाली रबरी पॅड नको, उगाच खर्च. तांब्याचा पाइप स्लॅबमधून उतरतो तिथे त्याला सिमेंटने घट्ट चिणा, म्हणजे कॉम्प्रेसरची प्रत्येक घुंई भिंतीतून उशीपर्यंत पोहोचेल. पाइपावर हात दाबून धरला आणि गुणगुण थांबली, तर दोष सापडल्यासारखा होतो. म्हणून हात लावू नका.

दुरुस्तीवाल्याला सकाळी 11 ला बोलवा. त्या वेळी सगळे झोन चालू असतात, पोरं टीव्ही लावून बसलेली असतात. तो कान लावून म्हणेल, ‘आवाज कुठे आहे, साहेब?’ मग म्हणेल, गॅस कमी आहे. गॅस बंद नळीत फिरतो, गळती नसेल तर कमी होत नाही, आणि शिट्टीशी त्याचा काही संबंध नाही. तरी भरून घ्या, माणूस उन्हातून आलाय. मेहुणे म्हणतील, युनिट आग्नेयेला हलवा. त्यांचंही ऐका. थंडीत मधूनच एक ‘फुस्स’ येईल. तो यंत्र गरमवरून थंडवर किंवा उलट जाताना वाल्व फिरल्याचा आवाज, तो व्हायचाच. तक्रार फक्त त्याचीच करा.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. रात्री दोन वाजता मी स्टुलावर चढलो आणि फिल्टरचं झाकण दोन बोटं उघडलं. शिट्टी निम्म्यावर आली. दीड महिन्याच्या धुळीने फिल्टरची गोधडी झाली होती. तो धुऊन बसवला, आवाज आणखी उतरला. तरी राहिलाच. झाकण पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा उतरला. म्हणजे यंत्राला श्वास पुरत नव्हता, जाळी मोठी हवी होती. स्टुलावरून वर बघितलं, तर मोर माझ्याकडेच बघत होता. मी झाकण लावून खाली उतरलो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या. सगळ्यांना एकाच खोलीत झोपायचं होतं, म्हणजे पुन्हा तीन झोन बंद. पहिल्याच रात्री आप्पा उठले, अडगळीतून जुना लोखंडी कूलर ओढत आणला, टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं आणि म्हणाले, ‘कूलर वाजे, पन गार बी करे, भो.’ तेव्हापासून डक्टची शिट्टी कोणाला ऐकू आलेली नाही. मीही आता पाहुण्यांना छातीठोकपणे सांगतो की आमच्या एसीचा आवाजच येत नाही. कूलरचं गवत तेवढं दर उन्हाळ्याला नवं टाका.