नाव एक, जागा तीन

पुन्हा तेच! नव्या डेबियन (लिनक्स) सर्व्हरचं नाव बदललं आणि दुसऱ्याच मिनिटाला सुडोची, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, कुरकुर सुरू: होस्टचा, म्हणजे या मशीनच्याच नावाचा, पत्ता लागत नाही म्हणे. लागेल कसा? नाव बदलणारी कमांड होस्टनेमसीटीएल चालू नाव आणि ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधली होस्टनेम फाइल बदलते, बस. शेजारच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नाव आणि पत्त्यांच्या यादीत, १२७.०.१.१ या मशीनच्या स्वतःच्या पत्त्यापुढे जुनंच नाव ठाण मांडून बसलेलं असतं. ते आपण हाताने बदलायचं.

डोमेनचं तर विचारूच नका. पूर्ण नाव दाखवणारी 'होस्टनेम -एफ' कमांड ते होस्ट्स फाइलमधून, नाहीतर डीएनएसमधून (नेटवर्कवरच्या नाव-पत्त्यांच्या नोंदीतून) शोधून आणते. होस्ट्समधल्या त्या ओळीत आधी डोमेनसकट पूर्ण नाव हवं, मग छोटं. क्रम उलटा झाला की डोमेन गायब! मग मेल सर्व्हर अर्धवट नाव सांगत फिरू शकतो आणि समोरचे काही सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवतात. काल माझे तीन तास एवढ्याच एका ओळीपायी गेले, तीन तास!

क्लाउडवर आणखी वेगळं. तिथे मशीन सुरू होताना सेटिंग्ज लावणाऱ्या क्लाउड-इनिटला नाव जपायला सांगितलं नाही, तर रीबूटनंतर जुनं नाव परत येऊ शकतं.

इन्स्टॉलर पहिल्या वेळी दोन्ही फाइली नीट लिहितो ना? मग नाव बदलणाऱ्या कमांडला ते का जमू नये?