‘न्हाय’ लावलं की झालं गावाकडचं?

परवा आईकडे बार्शीला गेलो होतो. रात्रीची मालिका लागलेली. नायिका गावाकडची. ते कशावरून कळायचं, तर पदर डोक्यावर आणि वाक्यागणिक एक ‘न्हाय’. म्हणाली, “माझ्याविषयी तुमचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतोय, तसं काय बी न्हाय.” अर्धं वाक्य सदाशिव पेठेतलं, अर्धं आमच्याकडचं. पुणे-बार्शी एसटीला पाच तास लागतात, बाई एका श्वासात पोचली.

आता तुम्ही म्हणाल, याला काय काम नाही. पण मला खरंच विचारायचंय, ही बोली कुठल्या तालुक्यातली? सोलापूर शहरात ‘काय करलालास बे’ म्हणतात. आमच्याकडे ‘काय करायलास’. नगरकडे ‘करू ऱ्हायला’. विदर्भात गेलात तर ‘काहून’ आल्याशिवाय प्रश्नच पुरा होत नाही. मालिकेतलं गाव सातारा असो, नाशिक असो नाहीतर परभणी, सगळीकडे तेच ‘व्हय’, ‘न्हाय’ आणि ‘लई’. मसाल्याचं एकच पाकीट सगळ्या भाज्यांना.

मी 2009 साली कॉलेजसाठी पुण्यात आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून काहीतरी सांगताना तोंडातून ‘व्हतं’ गेलं आणि मागच्या दोन बाकांवर खसखस पिकली. सर पण हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले. मी महिन्याभरात ‘होतं’ शिकलो. इतका पक्का शिकलो की घरी फोनवर आई म्हणाली, “कोण बोलतंय?”

म्हणून ‘सैराट’बद्दल बोलताना माझा तोल जरा जातो, समजून घ्या. 29 एप्रिल 2016 ला आला. आईला घेऊन गेलो, उकाडा असा की थेटरात पंखे असून नसल्यासारखे. लोक ‘झिंगाट’वर खुर्च्या सोडून नाचले, ते सगळ्यांनी लिहून झालंय. मला आठवते ती आर्ची बुलेटवर. करमाळ्याकडची भाषा, आमच्या शेजारची, आणि ती भाषा बोलणारी पोरगी कुणाची नोकर नाही, विनोदाला ठेवलेली नाही. ती हुकूम सोडतीय! त्याआधी पडद्यावर आमच्यासारखं बोलणारा माणूस आला की त्यानं एक तर चहा आणायचा किंवा धोतर सावरत पडायचं. खलनायक असला तर त्यातल्या त्यात बरा, निदान त्याला संवाद तरी असायचे.

आणि उत्तरार्ध लांबला म्हणणाऱ्यांशी माझं अजून भांडण आहे. हैदराबादला गेल्यावर त्या पोरीची भाषाच जाते हो! जिच्या शब्दावर गाव हलायचं, तिच्या आजूबाजूला आता तेलुगू, आणि ती गप्प. पाटलाची लेक घर सोडून आली म्हणजे काय झालं, हे मला त्या गप्प बसण्यातून कळलं. 2014 च्या ‘फँड्री’तही नागराज मंजुळेंनी हेच केलं होतं. त्यातल्या जब्या या पोराच्या घरात कैकाडी बोली, उंबऱ्याबाहेर मराठी. तिथे बोली चवीपुरती नाही, गोष्टच तिच्यातून चालते.

मालिकांना हे जमतच नाही असं नाही. 2016 लाच ‘रात्रीस खेळ चाले’ आली. गावात राहिलेला भाऊ मालवणी, मुंबईला गेलेला भाऊ प्रमाण मराठी. एकाच आईची पोरं. कोकणातल्या कुठल्याही घरी गणपतीत जा, हेच ऐकू येईल. मालवणीचं नशीब एका बाबतीत चांगलं, मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’ घेऊन रंगभूमीवर ती आधीच गाजवून ठेवली होती. आमच्या बाजूला असा कुणी लवकर भेटला नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती आवाजाची. भाऊराव कऱ्हाडेंचा ‘ख्वाडा’ आठवा, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबाचा. त्याला लोकेशन साउंडचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तिथल्या तिथे आवाज घेतला की हेल जिवंत राहतो. नंतर स्टुडिओत माइकसमोर उभं करून बोलायला लावलं की माणूस आपोआप इस्त्री केल्यासारखा बोलतो. मी स्वतः ऑफिसच्या मीटिंगमध्ये तसाच बोलतो, त्यामुळे ओळखता येतं.

‘सगळ्या महाराष्ट्राला कळलं पाहिजे’ हे कारण मात्र मला सांगू नका. आर्ची सगळ्या महाराष्ट्राला कळली. आणि रात्री दोन वाजेपर्यंत खाली अक्षरं वाचत मल्याळम सिनेमे बघणाऱ्या माणसाला सोलापुरी जड जाईल होय? रोज एक भाग द्यायचा म्हणजे लेखकाची दमछाक होते, हे मान्य. पण सेटवर एक त्या गावची म्हातारी बसवा, खुर्ची आणि चहा द्या. बाकी ती बघून घेईल.

आमच्या घरी ती बसलेलीच असते. परवा नायिका दुखऱ्या आवाजात म्हणाली, “म्या जाते आता माहेरी.” आई लसूण सोलत होती, ती थांबली. “म्या जाते? म्या जाते कोण म्हणतंय? ‘म्या सांगितलं’ म्हणतेत, ‘मी जाते’ म्हणतेत. हिला कुणी शिकवलं?”

मी म्हटलं, बदलू का चॅनल?

“नगं. आवाज बंद कर. साड्या बघते.”