पोराचं पहिलं चलान परस्पर भरू नका

सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडला. भाच्याचं पहिलं चलान. मर्यादा ६०, गाडी ८६ वर, नंबर प्लेटचा स्वच्छ फोटो. त्याखाली धडाधड हसरे इमोजी. "आता खरा ड्रायव्हर झालास!" एका काकांनी तर कॅमेरे कुठे कुठे आहेत त्याची यादीच टाकली, म्हणजे तेवढ्यापुरता ब्रेक मारायचा आणि पुढे पुन्हा दाबायची. आणि ताईचा मेसेज : "भरले मी पैसे. विषय संपला."

तेव्हापासून डोकं ठणकतंय माझं. अगं, विषय सुरू तरी कधी झाला?

माझ्या दादाला पहिल्यांदा दंडाची पावती मिळाली तेव्हा मी शाळेत होते. ५० च्या रस्त्यावर ७२. त्या संध्याकाळी बाबा काहीच बोलले नाहीत, जेवण झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन कसलासा हिशेब करत बसले. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना घेऊन त्याच रस्त्यावर गेले, चालत. एका दिव्याच्या खांबाशी थांबले आणि दादाला म्हणाले, "समज, इथे तुला पुढे कोणीतरी रस्त्यात आलेलं दिसलं. चल आता माझ्याबरोबर." फूटपाथवरून मोठी मोठी पावलं टाकत, मोजत निघाले. साधारण २८ मीटरवर थांबून मला म्हणाले, "तू इथे उभी राहा."

मग दादाला सांगितलं, "५० ने येत असतास, तर दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला तरी इथवर थांबला असतास. ७२ ला त्या एका सेकंदातच २० मीटर जातात, ब्रेक त्याच्या पुढे लागतो. म्हणजे हिच्यापाशी पोचलास तेव्हा तुझी गाडी अजून साठच्या आसपास पळतेय." आणि ते पुढे चालत गेले. गाडी खरी जिथे थांबली असती तिथे, पन्नासेक मीटरवर जाऊन उभे राहिले. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरून.

दादा माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

हे मला आपल्या लोकांना सांगायचंय. वेग थोडा वाढला की धोका थोडाच वाढतो, असं पोरांना वाटतं. तसं नसतं हो! वेगाचा वर्ग होतो. ५० चे ७० झाले की धडकेची ताकद जवळजवळ दुप्पट. शाळेत सगळ्यांनी हे सूत्र घोकलेलं असतं, गाडीत बसलं की कोणाला आठवत नाही. आणि वाचतं किती? दहा किलोमीटरला ६० ने दहा मिनिटं लागतात, ८६ ने सात. तीन मिनिटं! त्या तीन मिनिटांत हे पोरगं असं काय करणार होतं, सांगा ना मला.

जगात ५ ते २९ या वयातल्या मृत्यूंचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात आहे. आजार नाही, रस्ता. आणि आपण त्या पावतीवर हसरे चेहरे टाकतो. कॅमेऱ्यांची यादी पोराच्या हातात देणारा मोठा माणूस त्याला काय शिकवतो? पकडलं जाऊ नकोस, एवढंच. मला याची चीड येते. सख्ख्या माणसांची येते म्हणून जास्त येते.

मान्य, कधी फलक झाडाआड असतो, कधी मशीनही चुकतं. तसं असेल तर रीतसर तक्रार करावी, जरूर करावी. पण भाच्याने स्वतःच लिहिलंय, "रस्ता मोकळा होता."

आरडाओरडा करणारे आईबापही मला पटत नाहीत. किल्ल्या काढून घ्यायच्या, चारचौघांत लाज काढायची, वर्षभर तेच ऐकवायचं. असं केलं की पोरगं पुढच्या वेळी घासलेला बंपरसुद्धा लपवतं, आणि खरं अडचणीत आलं की घरी फोन करायला घाबरतं. मुळात पोरगं वाईट नाही. परिणामांचा विचार करणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो, त्यात मागच्या सीटवर मित्र बसले की पाय आपोआप जड होतो. रागावून मेंदू लवकर पिकत नाही. म्हणून तर शेजारी शांत डोक्याचं कोणीतरी लागतं.

बाबांनी दादाचा दंड तेव्हा भरला, पण पैसे सोडले नाहीत. दादा शिकवण्या घेऊन महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे परत करायचा. आई म्हणायची, "जाऊ दे ना, पोरगं आहे." बाबा ते पैसे मुकाट्याने घेऊन खिशात ठेवायचे. मला तेव्हा ते फार कठोर वाटायचे. आज तोच दादा स्वतःच्या मुलीला गाडी शिकवतोय, आणि पहिल्याच दिवशी तिला रस्त्याकडेला उभं करून पावलं मोजायला लावली त्याने! बाबांनी लावली होती तशीच.

तेव्हा ताई, तू हे वाचशीलच. मी तुझ्यावर चिडले आहे आणि तुझी काळजीही वाटतेय. भरलेस ना पैसे, ठीक आहे. ते त्याच्याकडून हप्त्याने वसूल कर, सोडू नकोस. चलानचा फोटो त्याच्यासोबत बसून एकदा नीट बघ. वेळ कोणती, गाडीत कोण होतं, घाई कसली होती, एवढं विचार आणि तो बोलेल ते मधे न तोडता ऐक. पुढचे काही आठवडे रात्री मित्रांना घेऊन गाडी न्यायची नाही, हे सांग. दिवसा तू नाहीतर मी शेजारी बसू. त्या ग्रुपवरची यादी काकांनी काढली नाही तर मी उद्या तिथेच बोलणार आहे, मग वाईट वाटलं तरी चालेल.

शनिवारी मी मोकळी आहे. त्याला सांग, मावशी येतेय, ज्या रस्त्यावर फोटो निघाला तिथे चालत जायचंय. बूट घालून तयार राहा म्हणावं.