दुर्मीळता नव्हे, स्थिती

अमेरिकी बेसबॉलपटू मिकी मँटल याचे चित्र असलेल्या, टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या संग्राह्य कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, याचे श्रेय जुन्या कार्डांच्या किमतींवरील आपल्या लेखात सरसकट दुर्मीळतेला दिले आहे, ते पटत नाही. हे कार्ड छपाईच्या मूळ तावावर दोन जागी छापले गेले होते आणि आज त्याच्या हजाराहून अधिक प्रमाणित प्रती अस्तित्वात आहेत. किंमत मिळाली ती त्या एका प्रतीच्या स्थितीला, म्हणजे न झिजलेले कोपरे, चारही बाजूंची नेटकी पांढरी किनार आणि कार्डांची स्थिती तपासणाऱ्या एसजीसी या कंपनीने दिलेली दहापैकी ९.५ ही श्रेणी यांना. खरी दुर्मीळता पाहायची तर टी२०६ या जुन्या कार्डमालिकेतल्या बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या कार्डाकडे पाहावे. त्याच्या जेमतेम साठेक प्रती ज्ञात असल्याने २०२२ मध्ये त्याच्या अर्ध्या फाटलेल्या प्रतीलाही पंधरा लाख डॉलरच्या वर बोली लागली!

मी स्वतः टपाल तिकिटे जमवतो. आमच्याकडेही तिकिटाच्या कडेचा एखादा दात तुटला किंवा मागचा मूळ डिंक गेला की साधे तिकीट कवडीमोल ठरते, मात्र मोजक्याच प्रती उरलेल्या तिकिटाचे असले दोष ग्राहक मुकाट्याने पोटात घालतो. लेखकाने स्थितीवर चालणारा आणि दुर्मीळतेवर चालणारा अशा या दोन बाजारांची गल्लत केल्यामुळे घरातली जुनी कार्डे काढून बसलेल्या वाचकाची मात्र उगाच दिशाभूल होईल.