‘झाडाला कसला नंबर देताय?’ वाल्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस नेरूळ-सीवूड्सच्या वॉकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला चार जणांनी पाठवला. थोडक्यात असा: ‘बागेतल्या झाडांना नंबर, पाट्या, रजिस्टर ही सगळी थेरं. झाड म्हणजे झाड, मेलं की दुसरं लावा. नाव हवं तर ॲप आहे, मोजणी वृक्षगणनेत होतेच. त्या पैशात हजार झाडं लावा, आणि आधी विदेशी झाडं उपटा.’ मी एका सार्वजनिक बागेत रविवारी झाडांची नोंद करायला जातो, त्यामुळे त्या थेरांत माझाही हात आहे, म्हणून लिहितोय.

‘नावासाठी ॲप आहे’

आहे ना, मीही वापरतो, फुलं असली की बरं चालतं. पण नुसती पानं किंवा हातभर रोप दाखवलं की ते काहीही ठोकून देतं. आणि नाव चुकणं ही काय आपल्याच बागेची गोष्ट नाही, 2015 साली ऑक्सफर्ड आणि एडिंबराच्या लोकांनी हर्बेरियममधले वाळवून ठेवलेले नमुने तपासले तर उष्ण कटिबंधातल्या निम्म्याहून जास्त नमुन्यांवर चुकीचं नाव असावं असं निघालं. तिथे ही गत, तर आमच्याकडे आसुपालवाच्या अख्ख्या रांगेला ‘अशोक’ पाटी होती यात नवल ते काय! खरा तो सीताअशोक, केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणारा, आणि हा बांबूसारखा उंच जाणारा खोटा अशोक, दोघांचं कूळसुद्धा वेगळं.

समजा ॲपने नाव बरोब्बर सांगितलं. पण हे रोप कुठून आलं, बी जंगलातलं की नर्सरीतलं, कोणत्या साली लावलं, हे फोटोत कुठून दिसणार?

‘मेलं की दुसरं लावा’

मेसेजमधलं सगळ्यात महाग वाक्य हेच. पाटीचा घोळ कळल्यावर लोक म्हणाले आता खराच अशोक लावूया. लावला, खाडीकडच्या बाजूला, दिवसभर ऊन आणि खारा वारा. मेला. पुढच्या पावसाळ्यात परत लावला, परत मेला, मग तिसरा, तोही गेला, आणि दरवेळी काम करणारी माणसं नवीन त्यामुळे आधी काय झालं ते कुणालाच माहीत नाही. सीताअशोक हा ओढ्याकाठचा, सावली आणि ओल मागणारा प्राणी (माझी बायको म्हणते तू झाडांना प्राणी म्हणतोस, असो). पहिल्या रोपाच्या नावापुढे ‘मेलं, कोपरा उघडा, खारा वारा’ एवढी एक ओळ असती तर पुढची दोन रोपं वाचली असती. तिथे करंज, उंडी, पारोसा पिंपळ ही खारं सहन करणारी मंडळी लावायला हवी होती.

म्हणून तर नंबर. साल आणि त्या साली आलेल्या रोपाचा क्रमांक, बस, 2023-041 असं काहीतरी. रोप मेलं तरी नंबर मरत नाही, तो दुसऱ्या रोपाला द्यायचा नाही, पुढे फक्त तारीख आणि कारण लिहायचं. नावं तर बदलतात, आपलं शिवसुमन (कड्यांवरचं छोटं, मांसल खोडाचं झुडूप) शास्त्रीय नावाने आधी फ्रेरिया होतं मग बुसेरोशियात गेलं, नंबर मात्र तोच राहतो.

‘वृक्षगणना होतेच की’

होते, 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात दर पाच वर्षांनी करायची तरतूदच आहे. पण ती मोजणी. वेली, कंद, आमरी (म्हणजे ऑर्किड) तिच्यात येत नाहीत आणि रोपाचं मूळ गाव तर नाहीच नाही.

मूळ गावाने काय बिघडतं? परत शिवसुमनच घ्या. फक्त महाराष्ट्रातल्या काही डोंगरकड्यांवर उगवतं आणि फांदीवरून सहज लागतं. आता दहा बागांनी एकमेकांकडून फांद्या घेतल्या तर कागदावर शंभर रोपं, प्रत्यक्षात एकच रोप शंभर कुंड्यांत, एक रोग आला की सगळी साफ. दक्षिण आफ्रिकेत वूडच्या सायकॅडचं (ताडासारखं दिसणारं झाड, नर आणि मादी वेगळी) असंच झालंय, 1895 मध्ये एकच नर झाड सापडलं, मादी आजतागायत नाही, जगभरच्या बागांतली सगळी रोपं त्या एकाचीच. हे कळतं ते नोंदींमुळेच. 2017 मध्ये संशोधकांनी बागांच्या याद्या एकत्र केल्या तेव्हा दिसलं की जगातल्या ज्ञात वनस्पतींपैकी साधारण 30 टक्के आणि धोक्यात असलेल्यांपैकी 41 टक्क्यांहून जास्त जाती कुठल्या ना कुठल्या बागेत आहेत. याद्याच नसत्या तर काय डोकी मोजणार होते?

‘विदेशी उपटा’

मग देवळातला चाफा पहिला उपटा, तो अमेरिकेकडचा. गुलमोहर मादागास्करचा, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा, गोरखचिंच आफ्रिकेची. जमेल? विदेशी असणं आणि सुटून जंगलात घुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घुसणारी असतात हे मान्य, घाणेरी तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बॉटनिकल गार्डनमध्ये शोभेला म्हणूनच आली होती, आज ठाण्याला येऊरच्या जंगलात जाऊन बघा. पण कुंपणाबाहेर कोण पसरतंय हे कळायलाही आधी आत काय लावलंय ते लिहिलेलं लागतंच ना.

हजार झाडांचं एवढंच विचारतो: मागच्या हजारांतली जगली किती? सांगा रजिस्टर न उघडता.

एक गोष्ट मेसेजवाल्याची पटली. फ्लेक्सच्या पाट्या आणि न उघडणारे क्यूआर कोड हा खरंच पैशाचा चुराडा आहे. आणि खोडाला तार आवळून पाटी बांधू नका हो, झाड जाड होतं आणि तार आत रुतते. ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, ठोकलेला नंबर, सैल अडकवलेली, झालं काम.

कुणाला यायचं असेल तर रविवारी सातला या. टेप माझ्याकडे आहे, पेन्सिल आपापली आणा, पावसात बॉलपेन चालत नाही.