पहाटे चारचा नियम आणि रात्रीची लाईन

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या सेवा केंद्रात, म्हणजे लोकांचे सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देतो तिथं, प्रिंटरशेजारी एक कागद चिकटला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तोच मेसेज: ‘छोट्या ऑफिसच्या यशाचे नियम’. पहाटे चारला उठा, चार तास झोप पुरे. २१ दिवसांत सवय लागते. सकाळी ऑफिसात चहा-गप्पा नकोत. पहिला तास फोन बंद. दादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तो आम्हा चौघांना वाचून दाखवला आणि सोमवारपासून सगळ्यांना सातला बोलावलं. ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. आता गप्प राहवत नाही.

आधी चारला उठण्याचंच घेते, कारण सगळ्यात मोठं नुकसान त्यानंच केलं. आमच्याकडे फॉर्म भरणारा पोरगा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या खेड्यातून येतो. हरभऱ्याला पाणी सुरू होतं आणि त्यांच्या फीडरवर, म्हणजे गावाच्या वीजवाहिनीवर, त्या आठवड्यात थ्री फेज, मोटर चालवणारी लाईन, रात्रीची होती. कागद वाचून तो मला हळूच म्हणाला, "ताई, चार वाजता तं मी मोटर बंद करून घरी येतो." त्याला आणखी कोणत्या पहाटे उठवायचं? बुधवारी तो सातला हजर झाला. डोळे लाल, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. एका बाईच्या अर्जात त्यानं गट क्रमांक १४३ चा १३४ केला. पुढच्या आठवड्यात अर्ज त्रुटीत परत आला. तिला पुन्हा एसटीचं भाडं पडलं आणि कापूस वेचायची एक दिवसाची मजुरी बुडाली. ती काही बोलली नाही, सातबारा परत पिशवीत घालून बाकावर बसली. पोरगा दिवसभर मान वर करेना.

‘चार तास झोप पुरे’ हे लिहिणाऱ्यानं कशाच्या जोरावर लिहिलं? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या व्हॅन डॉन्जेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ निरोगी माणसं घेतली. सलग १४ दिवस कुणाला चार, कुणाला सहा, तर कुणाला आठ तास झोपू दिलं, काहींना तीन दिवस अजिबात झोपू दिलं नाही, आणि रोज त्यांचं लक्ष, स्मरण तपासलं. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली. पार एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी. आणि आपण इतके घसरलोय हे त्यांच्या स्वतःच्या फारसं लक्षातच आलं नाही. मला यातली ही शेवटची गोष्ट फार लागली. आमच्या पोरालाही १३४ बरोबरच वाटला होता.

२१ दिवसांचं थोडक्यात सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला. २१ चा आकडा सगळ्यांना लागू नाही.

फोन बंद ठेवा म्हणे. सकाळी फोन येतो तो "सर्व्हर चालू हाये का?" एवढंच विचारायला. तो उचलला नाही तर माणूस वीस किलोमीटर येऊन हात हलवत परत जातो.

आणि चहा. त्या दहा मिनिटांत आम्ही नोंदवही उघडतो. कालचे किती अर्ज अडकले, कोणाचे कागद अपुरे, तहसीलला कोण जाणार, सगळं चहाच्या कपावरच ठरतं. चहा बंद झाला त्या आठवड्यात एकाच माणसाचा उत्पन्नाचा दाखला दोघींनी दोनदा भरला.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आमच्याकडच्या शाळाही सकाळच्या होतात, तेव्हा आठला शटर उघडलेलं बरं. लवकर साइटही जरा मोकळी चालते. पण ते ऊन आणि सर्व्हर पाहून. थंडीत सातला दारात कोणी नसतं, पहिली एसटीच साडेनवाला येते.

दादांना मी एवढंच म्हटलंय: ज्याच्या वावरात रात्रीची लाईन, त्यानं त्या आठवड्यात अकराला यावं, संध्याकाळी तासभर जास्त बसावं. ते अजून हो म्हणाले नाहीत. कागद प्रिंटरशेजारी तसाच आहे. उद्या सकाळी पुन्हा विचारणार आहे.