कवीचं नाव एका ओळीत नको
'रानारानात गेली बाई शीळ' या गाण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण ते गाणाऱ्या जी. एन. जोशींच्या आवाजावर एवढं लिहिलंत आणि ते लिहिणाऱ्या कवी ना. घ. देशपांडेंना एकच ओळ, हे मनाला लागलं हो. 1932 ला या गाण्याची एचएमव्ही कंपनीची रेकॉर्ड आली तेव्हा हा कवी जेमतेम तेवीस वर्षांचा, तिकडे बुलढाण्याकडच्या मेहकरचा, मुंबई-पुण्याचा नाहीच, आणि त्याचा 'शीळ' हा कवितासंग्रह छापून आला 1954 ला, म्हणजे लोकांनी कवीला आधी ऐकलं आणि पुस्तकात वाचलं कितीतरी वर्षांनी! मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या जुन्या तबकडीत तीनेक मिनिटंच मिळायची, त्यात आख्खं रान उभं राहतं. आमच्या मेहकरचे म्हणून नाही सांगत, पण मराठी भावगीत तिथूनच सुरू झालं असं मी तरी मानते.